खाटेपाशी एक खुर्ची

(मौदा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना पाहण्याचा योग मला आला नाही. पण मघाशी चहाच्या वेळी त्यांचे एक विद्यार्थी सांगत होते, की वर्गातलं पोर दोन दिवस दिसलं नाही की तिसऱ्या दिवशी गुरुजींची सायकल त्याच्या घरासमोर उभी असायची. धानाच्या रोवणीत गुंतलेल्या आईबापांना ते रागवायचे नाहीत. बांधावर बसून आधी पोरालाच विचारायचे, "तुझं काय म्हणणं आहे?" मला आज जे बोलायचं आहे त्याची सुरुवात याच प्रश्नापासून होते.

काही माणसं घराबाहेर, एखाद्या संस्थेत वर्षानुवर्षं राहतात. वृद्धाश्रमात, मनोरुग्णालयात, दिव्यांगांच्या वसतिगृहात, कुष्ठधामात. त्यांना जेवायला कोण घालतं, त्यांच्या औषधांचा खर्च कोण करतं, हे आपण विचारतो आणि जमेल तशी मदतही करतो. विदर्भाला दानत कमी नाही. पण त्यांच्या बाजूने बोलतं कोण, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कुणी विचारत नाही.

मी नोकरीने परिचारिका. ३१ वर्षं वॉर्डात काढली. माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट आधी सांगते. एका पावसाळ्यात आमच्या स्त्रियांच्या वॉर्डात एक बाई आली. नातेवाईक कुणी नाही, पोलिसांनी आणून सोडलेली. केसांच्या जटा झालेल्या आणि उवा एवढ्या, की उशीवर दिसायच्या. मी कात्री घेतली आणि दहा मिनिटांत तिचं डोकं मोकळं केलं. तिने फक्त एकदा माझं मनगट धरलं होतं. मी ते सोडवलं आणि काम पुरं केलं. पुढचे आठ दिवस ती बाई पदर डोक्यावरून खाली येऊ देईना, झोपेतसुद्धा नाही. मी मात्र स्वच्छतेचं काम नीट केलं म्हणून समाधानात होते. वॉर्डात माझं कौतुकही झालं.

निवृत्तीनंतर मी नागपूरजवळच्या एका आश्रमात दर गुरुवारी जाऊ लागले. तिथल्या एका आजींचे केस असेच बारीक कापलेले होते. त्या कोदामेंढीच्या बाजूच्या. मी सहज म्हटलं, "उन्हाळ्यात बरं वाटत असेल, नाही?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, मले कोणी इचारलं होतं काय?" त्या दिवशी मला ती मनगटावरची पकड आठवली. किती वर्षांनी!

केस ही आपल्याकडे साधी गोष्ट नाही. १८९० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिक बांधवांनी ठरवलं होतं, की विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही. आपल्या पोटापाण्याच्या हत्याराने कुणाची अप्रतिष्ठा करायची नाही, हे ज्या समाजात एवढ्या वर्षांपूर्वी कुणाला कळलं, त्याच समाजात आज सोयीसाठी सगळ्या म्हाताऱ्या बायकांचे केस एका रांगेत बसवून कापले जातात आणि त्यात काही गैर आहे असं कुणाला वाटत नाही. कापणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. माझ्याही नव्हतं.

आता कायद्याकडे पाहू. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २० व्या कलमात मनोरुग्णालयातल्या माणसाचे हक्क लिहिलेले आहेत आणि ते वाचताना मला भरून आलं, कारण वॉर्ड आतून पाहिलेल्या माणसाने लिहिल्यासारखे ते आहेत. सक्तीने डोकं भादरायचं नाही. इच्छा असेल तर स्वतःचे कपडे घालू द्यायचे, संस्थेचा गणवेश लादायचा नाही. अंग झाकेल असे कपडे मिळाले पाहिजेत. बायकांना पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू मिळाल्या पाहिजेत. कामाला जुंपायचं नाही आणि काम केलं तर त्याचा मोबदला द्यायचा. अशा एकेका ओळीमागे कुणाचं तरी भोगलेलं आयुष्य आहे. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे एका खासगी आश्रमाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जागच्या जागी जळून गेले. त्यांना पळता आलं नाही. त्याच्या आधी ते ओरडले नसतील का? ऐकायला कोण होतं?

पण ही कलमं मनोरुग्णालयापुरती. माझ्या कोदामेंढीकडच्या आजी वृद्धाश्रमात होत्या. त्यांच्या केसांबद्दल कुठल्याच कायद्यात एक ओळ नाही.

आपल्याकडे संस्था जुन्या आहेत. पुण्यातलं आजचं 'निवारा' १८६३ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाने अनाथ-पंगूंसाठी सुरू झालं. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ पासूनचं. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी काम उभं केलं आणि १९४९ मध्ये वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन वसवलं. या शेवटच्या दोन ठिकाणांचं मला विशेष वाटतं ते एका कारणासाठी. तिथे रोगी माणूस नांगर धरत होता, सूत कातत होता, विहीर खोदत होता. तो वाढून घेणारा राहिला नाही, वाढणारा झाला. ज्याच्या घामाचं पीक कोठारात आहे त्याला 'तुझं काय म्हणणं आहे' असं विचारावंच लागतं. बाकी ठिकाणी आपण दानाची इमारत बांधली. दानाच्या इमारतीत तक्रारीची पेटी भिंतीवर असते खरी, पण तिच्यात चिठ्ठी टाकणं म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणं, असं तिथल्या प्रत्येकाला वाटतं.

सरकारी कागदांत अशा माणसाला 'लाभार्थी' म्हणतात, बालगृहात 'प्रवेशित' म्हणतात. मी 'निवासी' म्हणते. जिथे माणूस दहा वर्षं झोपतो-उठतो ते त्याचं घर आहे आणि घरात माणसाला चालतं-नाही चालत म्हणायची मुभा असते.

या सगळ्यात एक गोष्ट मी पोटतिडकीने सांगते. वृद्धाश्रमांबद्दल आपण जे बोलतो ते बहुतेक मुलांना शिव्या देण्यासाठी बोलतो. व्याख्यानात, कीर्तनात, नाटकात, व्हॉट्सअपवर एकच चित्र: दुष्ट मुलगा, कजाग सून आणि फाटकाशी उभी रडणारी आई. असे मुलगे आहेत. पण मी ज्यांच्या खाटेपाशी बसते त्यांतल्या कितीतरी जणींना मूलच नाही. काहींचं लग्न झालेलं नाही. काहींचा मुलगा त्यांच्याआधी गेला. काहींचा मुलगा हैदराबादला नाहीतर बुटीबोरीला दहा बाय दहाच्या खोलीत राहतो, नवरा-बायको दोघंही शिफ्टमध्ये, आणि अर्धांगवायू झालेल्या बापाला दिवसभर कुलूपबंद ठेवण्यापेक्षा हे बरं म्हणून तो रडत रडत ठेवून गेलेला असतो. मौद्याला हे वेगळं सांगायला नको. महामार्गावरून जाताना एनटीपीसीची धुराडी दिसतात, २३२० मेगावॉट वीज तिथे होते, आणि तरी आपली पोरं कामासाठी कुठे कुठे विखुरली आहेत. 'वृद्धाश्रम नसावेतच' असं आपण टाळ्यांसाठी म्हणतो तेव्हा तिथे राहणाऱ्या माणसाला आपण एक लाज चिकटवतो. लाजेची जागा कुणी बघायला जात नाही. जिथे कुणी बघायला जात नाही तिथे काय होतं, ते कवडासने दाखवलं. ठाणे जिल्ह्यातल्या कवडासच्या मतिमंद मुलांच्या वसतिगृहातल्या मृत्यूंच्या बातम्या आल्या आणि २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पुढे डॉ. आशा बाजपेयी यांच्या समितीला राज्यातल्या अशा संस्था पाहाव्या लागल्या. वर्तमानपत्र लागलं, न्यायालय लागलं. त्या मुलांकडे आठवड्याला जाणारं एक माणूस असतं तर?

असं माणूस काय करू शकतं याचं उदाहरण आपल्या मराठी मुलखात आहे. शीला बारसे या पत्रकार. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या मुंबईच्या तुरुंगात गेल्या, पंधरा स्त्री-कैद्यांशी बोलल्या आणि त्यांनी जे ऐकलं ते एका पत्रात लिहून सर्वोच्च न्यायालयाला पाठवलं. त्या पत्राची याचिका झाली. १९८३ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की बायकांना वेगळ्या कोठडीत ठेवा, पहाऱ्याला बायकाच ठेवा, वकील मिळवून द्या, न्यायाधीशांनी अचानक जाऊन कोठड्या पाहाव्यात. पुढे १९९३ मध्ये त्यांच्याच खटल्यात ठरलं, की गुन्हा नसलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणं घटनाबाह्य आहे. सुरुवात झाली होती ती पंधरा बायकांजवळ बसून ऐकण्यातून.

मनोरुग्णालयांतल्या जुन्या रुग्णांसाठी डॉ. हरीश शेट्टी यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. बरी झालेली, पण घरच्यांनी न नेलेली माणसं वर्षानुवर्षं तिथेच राहतात. घर नाही, घरचे घेत नाहीत, एवढ्याच कारणाने कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असं २०१७ च्या कायद्याचं १९ वं कलम स्पष्ट म्हणतं. याच कायद्याने जिल्हा न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली पुनरावलोकन मंडळं सांगितली आहेत आणि त्यांत रुग्णांच्या किंवा त्यांची काळजी घेणाऱ्यांच्या बाजूने बसणाऱ्यांनाही जागा ठेवली आहे. रुग्णाला स्वतःचा 'नामनिर्देशित प्रतिनिधी' नेमता येतो. तो नातेवाईकच असावा असं नाही. म्हणजे तुम्ही, मी, कुणीही. ही सोय किती जणांना माहीत आहे?

अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलांना स्वतःचं नाव दिलं आणि वाढवलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी तिथली एक दृष्टिहीन मुलगी लोकसेवा आयोगाची परीक्षा पास झाली. शंकरबाबांची वर्षानुवर्षांची मागणी एकच: अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून दिव्यांग अनाथ मुलाला बालगृहाबाहेर काढू नका, त्याचं पुनर्वसन जन्मभराचं करा. अठराव्या वाढदिवसाला मतिमंद मुलगी कुठे जाणार? ही साधी गोष्ट बोलायलासुद्धा त्या मुलीच्या बाजूचा कुणीतरी म्हातारा लागतो.

आता वृद्धांचा कायदा. याच्यावर मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण त्याचं दार इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा. त्याखालचं न्यायाधिकरण म्हणजे उपविभागीय अधिकारी आणि मौदा हा स्वतंत्र उपविभाग आहे. तहसीलला आपण सातबारासाठी जातो, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जातो, तसंच त्या कार्यालयात या अर्जासाठी जाता येतं. महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहाचा आदेश होऊ शकतो. नोटीस गेल्यापासून नव्वद दिवसांत निकाल लावायचा आहे, अगदीच अडलं तर आणखी तीस. वकील लागत नाही. आणि ज्याला स्वतःला येणं शक्य नाही त्याच्या वतीने त्याने अधिकार दिलेला माणूस किंवा संस्था अर्ज करू शकते. मूल नसलेल्या म्हाताऱ्याला त्याची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा वारशाने ज्याला मिळणार आहे त्या नातेवाईकाने सांभाळायचं आहे.

इथे मी एका आजींची गोष्ट सांगते. गाव सांगत नाही. कन्हानच्या काठाला दोन एकर धान. नवरा गेलेला, मूल नाही. पुतण्याने 'काकू, मी आहे ना' म्हणून बक्षीसपत्र करून घेतलं. फेरफार झाला आणि सातव्या महिन्यात काकू आश्रमात आल्या. त्यांच्या पेटीत तो बक्षीसपत्राचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला होता. मी वाचला. त्यात पुतण्या सांभाळ करील अशी एक ओळ कुठेच नव्हती. २००७ च्या कायद्याचं २३ वं कलम म्हणतं, की सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. ती अट कागदावर दिसावी लागते, यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेले. जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित यांच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं, की हा कायदा ज्येष्ठांच्या भल्यासाठी आहे, तेव्हा त्याचा अर्थही उदारपणे लावा. त्या खटल्यात मुलाने लिहून दिलेलं एक वचनपत्र होतं म्हणून आईला बळ मिळालं. आमच्या काकूंजवळ तेही नव्हतं. म्हणून समोर बसलेल्या काका-काकूंना हात जोडून सांगते: शेत कुणाच्याही नावावर करा, मुलाच्या करा, पुतण्याच्या करा, पण 'हा माझा मरेपर्यंत अन्न, वस्त्र, निवारा, औषधाने सांभाळ करील' ही ओळ कागदात घातल्याशिवाय अंगठा उठवू नका. असं म्हटलं तर पोरगं रागावेल, असं तुम्हाला वाटतं. ज्याच्या मनात सांभाळायचं आहे तो कशाला रागावेल?

याच कायद्यात आश्रमांचंही कलम आहे, १९ वं. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय असलेला आश्रम सरकारने उभारावा. पण शब्द 'करता येईल' असा आहे, 'केलेच पाहिजे' असा नाही. २०१८ च्या डिसेंबरमध्ये डॉ. अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला प्रत्येक जिल्ह्यात किती आश्रम आहेत याची माहिती गोळा करायला सांगावं लागलं. म्हणजे तोवर देशाला आपल्या आश्रमांची नीट गणतीसुद्धा नव्हती. महाराष्ट्राने तर १९९५ मध्येच मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आणली होती. २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडलं गेलं, त्यात अशा निवासांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवण्याची तरतूद होती. त्याचा कायदा झाला नाही. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी पोलीस ठाण्यात असावी आणि महिन्यातून एकदा त्यांच्याकडे फेरी व्हावी, असं आपल्या राज्याच्या २०१० च्या नियमांत आहे. आश्रमात ठेवलेला माणूस एकटा धरला जात नाही. माझा अनुभव असा, की साठ खाटांच्या हॉलमध्ये माणूस जेवढा एकटा असतो तेवढा तो स्वतःच्या ओसाड वाड्यातही नसतो.

अमेरिकेची एक व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडे १९७२ मध्ये लोकायुक्तांचं कार्यालय सुरू झालं, देशात पहिलं. त्याच वर्षी अमेरिकेत पाच राज्यांमध्ये एक प्रयोग सुरू झाला, नर्सिंग होममध्ये राहणाऱ्यांसाठी वेगळा 'लोकायुक्त'. १९७८ मध्ये प्रत्येक राज्याला तो सक्तीचा झाला. त्याचं बळ तिथल्या साध्या स्वयंसेवकांत आहे. निवृत्त शिक्षक, पोस्टमन, गृहिणी प्रशिक्षण घेतात आणि नेमून दिलेल्या नर्सिंग होममध्ये नियमाने जातात. संस्था त्यांना आत येऊ देत नाही असं म्हणू शकत नाही. ते निवासी माणसाशी एकांतात बोलतात. आणि मला सगळ्यात मोलाचा वाटणारा नियम हा, की त्या माणसाने हो म्हटल्याशिवाय त्याची तक्रार कुणापुढेही नेता येत नाही, त्याचं नावही सांगता येत नाही. मुलाला नाही, व्यवस्थापकाला नाही. माणसाचं दुःखसुद्धा त्याच्या मालकीचं असतं, हे त्या नियमात मान्य केलेलं आहे. १९८७ मध्ये तिथे कायदाच झाला, की तक्रार केली म्हणून निवाशावर सूड उगवता येणार नाही आणि निवाशांना आपली परिषद भरवता येईल.

आपल्याकडे असा कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत मी आणि माझ्या चार मैत्रिणी एवढंच करतो, की एक वही घेऊन जातो आणि खाटेपाशी बसतो. बसण्यावर माझा जोर आहे. तुम्ही आश्रमात गेलात तर बघा, खाटेजवळ खुर्ची नसते. कारण भेटायला येणारे उभ्याने येतात आणि उभ्याने जातात. ब्लँकेट देतात, फोटो काढतात. जानेवारीत एकेका आजीकडे तीन-तीन ब्लँकेटं होतात आणि जुलैत ओल्या गादीवर बदलायला चादर नसते. वाढदिवसाचा केक आणि जिलेबी येते. वाढदिवस ज्याचा आहे ते कुटुंब दीड वाजता पोचतं, तोवर मधुमेहाची म्हातारी माणसं ताटं पुढे घेऊन बसलेली असतात, आणि मग टाळ्या वाजवून गाणं म्हणायचं. देणाऱ्यांच्या मनात प्रेम असतं, मला त्याबद्दल शंका नाही. पुढच्या वेळी एवढंच करा, चार दिवस आधी फोन करून 'काय आणू' असं व्यवस्थापकाला विचाराल, तेव्हा फोन एखाद्या आजोबांच्या हातात द्यायला सांगा.

बसल्यावर काय बघायचं? पाण्याचा पेला हाताला लागतो का. चप्पल स्वतःची आहे का, की एकीची दुसरीला. संडासाला आतून कडी आहे का. रात्री संडासच्या वाटेवर दिवा असतो का. कवळी, चष्मा, कानाचं यंत्र डबीत आहे की वापरात. यंत्राची बॅटरी संपली की माणूस बहिरा होतो, आणि बहिऱ्या माणसाला सगळे 'आता डोकं चालत नाही' म्हणतात. एका आजोबांना विसराळू ठरवून ठेवलं होतं, त्यांच्या चष्म्याची एक काडी दोन वर्षांपासून तुटलेली होती. चष्मा सरळ बसला आणि ते वर्तमानपत्र वाचू लागले. मी आता पर्समध्ये चष्म्याचे बारीक स्क्रू आणि छोटा पेचकस ठेवते. पगाराचं, पेन्शनचं पासबुक कुणाजवळ आहे ते विचारायचं. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे पंधराशे रुपये मिळत असतील तर त्यांतला चहाचा एक पेला तरी स्वतःच्या मर्जीने घेता येतो का, तेही विचारायचं. हयातीचा दाखला राहिला म्हणून कितीजणांचं मानधन बंद होतं. आधारवरचा पत्ता जुन्या घरचा, घर पडलेलं, आणि बोटांचे ठसे झिजलेले. हे काम तुमच्यातल्या कुणाही पदवीधर मुलाला दोन फेऱ्यांत करता येईल. मोठं काही असेल, मारहाण, उपासमार, तर १४५६७ हा ज्येष्ठांचा मोफत फोन आहे.

आणि 'जेवण चांगलं असते ना?' असं व्यवस्थापकासमोर कधी विचारू नका. तिथे दुसरं उत्तर नसतं.

आश्रमात काम करणाऱ्यांच्या बाजूने मला बोललं पाहिजे. मी त्यांच्यातलीच आहे. रात्रपाळीला तीस खाटांमागे एक मावशी, पगार महिनाअखेरीला मिळेल तेव्हा मिळेल. ती झोपेत चार वेळा उठून लंगोट बदलते, तिच्याही कमरेत उसण भरते. तिच्यावर ओरडण्यासाठी आम्ही जात नाही. बऱ्याचदा निवाशांनी आम्हाला जे लिहायला सांगितलं त्यात पहिली ओळ अशी होती, की मावशीच्या जोडीला एक बाई द्या.

शेवटी कोदामेंढीकडच्या आजींकडे येते. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, रात्रभर दंडार चालते, खडी गंमत होते. आजींनी मला वहीत लिहायला सांगितलं, "मले मंडईले जा लागते." संस्थेचा नियम होता, की नातेवाईकाने सही केल्याशिवाय सोडता येत नाही. नातेवाईक नव्हते, म्हणून त्या नऊ वर्षं फाटकाबाहेर गेल्या नव्हत्या. नियम कुठून आला ते शोधलं. कुठे छापलेला नव्हता, आधीच्या व्यवस्थापकाने कधीतरी घालून दिलेला. नव्या व्यवस्थापकांशी तीन गुरुवार बोललो. ते भले माणूस, पण घाबरलेले. रस्त्यात काही झालं तर? आजींनी त्यांना स्वतः सांगितलं, "झालं त झालं. मी काही लेकरू नोहो." मग त्यांनी एक अर्ज तयार केला, आजींच्याच नावाने, आजींच्याच सहीचा.

आम्ही एसटीने गेलो. त्यांनी जांभळं पातळ नेसलं होतं. केस तोवर मानेपर्यंत वाढले होते. त्यांनी पाण्याचा हात फिरवून ते मागे सारले आणि एवढासा अंबाडा बांधला. गावात त्यांचं घर उरलेलं नव्हतं, जोत्यावर कुणाचं तरी तणसाचं ढिगार होतं. शेजारच्या ओट्यावर सतरंजी घातली गेली. दंडार सुरू झाली तेव्हा ढोलकीबरोबर त्यांचा गुडघा हलत होता. रात्री दोनला मी म्हटलं, थकल्या असाल. त्या माझ्यावर चांगल्याच रागावल्या.

दुसऱ्या दिवशी आश्रमाच्या रजिस्टरमध्ये परत आल्याची वेळ लिहायची होती. शिपाई लिहायला लागला, तर आजींनी पेन मागून घेतलं. त्यांना फक्त नाव लिहिता येतं. ते त्यांनी लिहिलं, दोन रकाने ओलांडून.

पुढच्या गुरुवारी मी खुर्ची ओढून बसले, वही उघडली, आणि त्या म्हणाल्या, "आता माह्या दाताचं पाय." कवळीसाठी दंत महाविद्यालयात तारीख मिळाली आहे, येत्या बुधवारची. सोबत जायला एक माणूस हवं आहे.